बर्फ कलकत्त्याला, हापूस लासलगावला

दुकानात वस्तू हजर असली की सप्लाय चेनची आठवण कोणाला होत नाही. ‘मागून मालच येत नाहीये’ असं दुकानदार म्हणाला की मात्र सगळे त्यातले तज्ज्ञ होतात. व्यवस्थापनाच्या वर्गात या विषयावर जाडजूड पुस्तकं लावतात. खरी गंमत मात्र माल कुठे अडला, कुठे वितळला आणि कुठे नको तितका साठला, यात आहे.

वितळणारा माल

मे १८३३. बॉस्टनहून ‘टस्कनी’ नावाचं जहाज कलकत्त्याला निघालं. पोटात काय, तर १८० टन बर्फ! फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून लाकडाच्या भुशात गुंडाळून पाठवला होता. चार महिने समुद्र, त्यात दोनदा विषुववृत्त ओलांडायचं. सप्टेंबरात जहाज पोचलं तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शाबूत होता. तळ्यातला बर्फ जवळपास फुकट, लाकूडगिरण्यांचा भुसाही टाकाऊ. पैसा सगळा वाहतुकीत आणि साठवणीत. माल थंड ठेवून पोचवणाऱ्या ‘कोल्ड चेन’चं गणित अजूनही याच वळणावर चालतं. पुढच्याच वर्षी मुंबईत जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत बर्फाचा थाट केला. यजमान आणि पाहुणे, दोघांनाही सर्दी झाल्याची बातमी ‘मुंबई समाचार’ने दिली. ग्राहकांची पहिली प्रतिक्रिया म्हणायची ही.

आंबा घाट का चढतो?

अमेरिकेने १८ वर्षं भारतीय आंब्याला दार बंद ठेवलं होतं. कारण फळातून येणारी कीड. २००७ मध्ये दार उघडलं, पण अट घालून: आंब्यावर आधी विकिरणाची प्रक्रिया हवी. तशी सोय होती कुठे? नाशिक जिल्ह्यात, लासलगावला. भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘कृषक’ हे केंद्र तिथे उभारलं होतं ते मुळात कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून. मग काय, कोकणच्या हापूसने समुद्राकडे पाठ फिरवली, घाट चढला, कांद्याच्या गावाला जाऊन किरणं खाल्ली आणि उलटा मुंबईला येऊन विमानात बसला. पुढे वाशीलाही अशी सोय झाली. नकाशावरचा जवळचा रस्ता आणि मालाचा रस्ता एकच असतो, असं मानणाऱ्याने हा प्रवास एकदा बोटाने गिरवून बघावा.

ट्रकवाल्याने जहाजं बदलली

२६ एप्रिल १९५६ ला ‘आयडियल एक्स’ नावाचं जुनं तेलवाहू जहाज अमेरिकेतल्या न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. डेकवर ५८ अ‍ॅल्युमिनियमची खोकी. कल्पना माल्कम मॅक्लीनची. हा गृहस्थ दर्यावर्दी वगैरे नव्हता, ट्रकांचा धंदेवाला होता. गोणी, पिंपं, पेट्या एकेक करून हातांनी चढवायला टनामागे ५ डॉलर ८६ सेंट पडत. खोकं उचलून ठेवायला पडले १६ सेंट. जग जवळ आलं म्हणतात, त्यात इंटरनेटपेक्षा या खोक्याचा वाटा मोठा आहे असं माझं पक्कं मत आहे. गोदीतल्या हमालांच्या पिढ्यांचं काम त्याच खोक्याने गिळलं, हेही त्याच हिशेबात धरायला हवं.

कोकण रेल्वेने पुढची उडी मारली. खोकं कशाला, अख्खा ट्रकच गाडीवर चढवा! २६ जानेवारी १९९९ पासून कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्याला ट्रक रेल्वेने जाऊ लागले.

मुठीएवढा भाग, वीस कारखाने

टोयोटाच्या ताइची ओनो यांनी अमेरिकी सुपरमार्केटांतून धडा घेतला: फळीवरून जेवढं उचललं जातं तेवढंच मागून भरायचं. साठा करून पैसा अडकवायचा नाही. झकास! पण १ फेब्रुवारी १९९७ ला आयसिन या पुरवठादाराच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह टोयोटाला जवळपास सगळाच तिथून यायचा आणि हाताशी साठा काही तासांचा. टोयोटाचे वीस कारखाने थंडावले. मग शेजारपाजारच्या कंपन्या धावल्या. शिलाई मशीनवाल्या ब्रदरनेसुद्धा व्हॉल्व्ह घडवले आणि आठवड्याभरात गाडं रुळावर आलं. एकाच पुरवठादाराकडून घेतलं की दर चांगला मिळतो. त्या दरात जोखीमही बांधून येते, फक्त बिलावर तिची ओळ नसते.

ब्रिटनमध्ये केएफसीला २०१८ च्या फेब्रुवारीत हेच उमगलं. डिलिव्हरीचं काम नव्या कंपनीला दिलं, मालाला गोदाम एकच आणि काही दिवसांत सुमारे ९०० पैकी निम्म्याहून अधिक दुकानं बंद. कोंबडीच्या दुकानात कोंबडी नाही! लोकांनी पोलिसांना फोन केले. ‘हे आमचं काम नाही’, असं पोलिसांना जाहीर सांगावं लागलं. कंपनीने माफीच्या जाहिरातीत आपल्या नावाची अक्षरं अशी फिरवली की ती शिवी वाटावी. माफी गाजली.

बिअरविना बिअर

अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६० च्या सुमाराला एक खेळ निघाला, ‘बिअर गेम’. किरकोळ विक्रेता, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना असे चार खेळाडू. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी पुढे सरकवायची. ग्राहकाची मागणी अख्ख्या खेळात एकदाच बदलते, आठवड्याला ४ पेट्यांवरून ८ वर. तेवढ्याने कारखान्यापर्यंत हाहाकार माजतो. आधी टंचाई, म्हणून प्रत्येक जण ‘असू दे चार जास्त’ म्हणत ऑर्डर फुगवतो, नंतर मालाचे डोंगर. चाबकाची मूठ जराशी हलावी आणि टोक सपकन उडावं तसं. प्रॉक्टर अँड गॅम्बलला हे बाळांच्या डायपरमध्ये दिसलं होतं. बाळं नेमाने ओली करतात, ऑर्डरी मात्र हेलकावे खातात! उपाय साधा आहे: दुकानात आज खरंच काय खपलं ते शेवटच्या कारखान्यालाही कळू द्या. साधा असूनही सहज घडत नाही, कारण खपाचा आकडा उघड करायला कोण तयार होतो?

आकडे नीट चाळले तर काय सापडतं याचा एक नमुना. चक्रीवादळ येणार म्हटलं की अमेरिकेत वॉलमार्टमध्ये बॅटऱ्या खपतात, यात नवल नाही. स्ट्रॉबेरी पॉप-टार्ट नावाचा गोड खाऊ सातपट खपतो, हे मात्र यंत्रानेच सांगितलं. गरम करावा लागत नाही ना!

लोडशेडिंगचे उपकार

२७ जून २०१७. युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून सुटलेला व्हायरस मर्स्क या बलाढ्य जहाज कंपनीत शिरला. जहाजं तरंगत होती, पण कोणत्या खोक्यात काय आहे हे सांगणारे पडदे काळे. न्हावा शेव्याच्या टर्मिनललाही झळ बसली. कंपनीच्या जाळ्याचा नकाशा जपणारे जगभरातले सुमारे दीडशे सर्व्हर पुसले गेले. वाचला एकच, घानातला. का? तर तिथे त्या वेळी वीज गेली होती! दुरुस्तीचं काम ब्रिटनमधून चाललं होतं; इंटरनेटवरून तो डेटा तिथे पाठवायला कित्येक दिवस लागले असते आणि घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग एक जण हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, विमानतळावर दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो ती घेऊन लंडनला उडाला. पुढे १० दिवसांत कंपनीने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले.