प्रिंटरमधून करपल्याचा वास आला तर

मी गडबहून बोलतेय. आजचा विषय आहे आपल्या ऑफिसातला लेझर प्रिंटर. ग्रामसंघाचं ऑफिस म्हणजे एक टेबल, एक कपाट, एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर. कर्जप्रस्ताव, ठरावाच्या प्रती, हजेरीपत्रकं सगळं त्यातूनच निघतं. आणि बँकेत जायची घाई असते नेमक्या त्याच दिवशी त्यातून करपल्यासारखा वास येतो. मग कुणीतरी म्हणतं, "अगं, दहाच पानं राहिलीत, तेवढी काढून घे."

ही दहा पानंच घात करतात. म्हणून पहिली गोष्ट आधीच सांगते. वास आला की छपाई थांबवा, भिंतीवरचं बटण बंद करा आणि पिन काढा. कारण नंतर शोधू. पिन किंवा सॉकेटच गरम लागत असेल, काळं पडलं असेल, तर त्याला हात लावू नका. सरळ मेन स्विच पाडा.

आता हा वास येतो कुठून, ते समजून घेऊ. लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची अगदी बारीक भुकटी, रांगोळीपेक्षाही बारीक, आणि तिच्यात काळ्या रंगासाठी काजळी. कोरड्या केसांतून कंगवा फिरवला की त्याला कागदाचे कपटे चिकटतात ना, तशीच विजेच्या भाराने ही भुकटी आधी ड्रमला आणि मग कागदाला चिकटते. पण नुसती चिकटलेली भुकटी हाताने पुसली जाईल. ती पक्की बसावी म्हणून कागद दोन रुळांमधून जातो. त्यातला एक रूळ तापलेला असतो, साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअस. या भागाला फ्युजर म्हणतात. फ्युजर म्हणजे प्रिंटरच्या पोटातली इस्त्रीच समजा.

ही इस्त्री पहिल्यापासूनच आहे. अमेरिकेत चेस्टर कार्लसन यांनी 22 ऑक्टोबर 1938 रोजी कोरड्या भुकटीने पहिली छाप घेतली, तेव्हाही ती मेणाच्या कागदावर उचलून गरम करूनच पक्की केली होती. आपण ज्याला झेरॉक्स म्हणतो ते यंत्र त्यातूनच पुढे आलं, आणि लेझर प्रिंटरही त्याच घराण्यातला.

म्हणजे प्रिंटरच्या आत उष्णता असणं हा बिघाड नाही. ती जागच्या जागी आहे का, आणि तिच्यात काही नको ते अडकलंय का, एवढंच बघायचं. आणि स्वयंपाकघरात वावरणाऱ्या बाईला वासाची पारख शिकवावी लागत नाही.

नवा तवा पहिल्यांदा तापवला की वास येतो, तसा नव्या प्रिंटरच्या पहिल्या काही पानांना हलका वास येतो. तो आपोआप कमी होतो. वाढत गेला तर मात्र दुकानदाराला बोलवा.

वितळलेल्या प्लॅस्टिकचा वास आला तर बहुतेक वेळा फ्युजरला काहीतरी चिकटलेलं असतं. नायलॉनची साडी गरम इस्त्रीला चिकटते, तसंच. आपल्याकडे पोहा पापड, मिरगुंडं विकणारे गट पाकिटांची लेबलं ऑफिसातच छापतात. स्टिकरचा कागद लेझरसाठीचाच हवा. दुसऱ्या प्रकारच्या स्टिकरचा गोंद उष्णतेने सुटतो आणि लेबल रुळाला गुंडाळलं जातं. ज्यातली काही लेबलं आधीच काढलेली आहेत, तो कागद पुन्हा घालू नका. चकचकीत फोटो कागद किंवा साधं प्लॅस्टिकही नको. प्रिंटरला न जुळणारी टोनरची भुकटी भरली, तरी ती रुळावर साचते.

कागद करपल्याचा वास म्हणजे आत कागदाचा तुकडा अडकला असण्याची शक्यता. केस जळल्यासारखा वास आला तर झुरळ किंवा पाल आत शिरली असेल. कोकणात हे नवीन नाही.

घरात सुकं म्हावरं नाही आणि तरी भिंतीजवळ मासळीसारखा वास येतोय, तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. काही सॉकेटांचं आणि पिनांचं प्लॅस्टिक फार तापलं की असाच वास सुटतो. तिथे दोष प्रिंटरचा नसून वायरिंगचा असतो. लेझर प्रिंटर फ्युजर तापवताना एकदम जास्त वीज ओढतो, म्हणून त्या क्षणी दिवा मंद होतो. त्यामुळे प्रिंटरची पिन भिंतीवरच्या चांगल्या सॉकेटमध्येच लावा. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर प्रिंटर, कॉम्प्युटर, पंखा आणि वर चहाची किटली, असं करू नका. कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवरही प्रिंटर लावू नका.

एक गोष्ट घाबरण्याची नाही. पावसाळ्यात कागद दमट होतो. फ्युजरमध्ये ते पाणी वाफ होऊन निघतं आणि प्रिंटरमधून पांढुरकं काहीतरी येताना दिसतं. करपट वास नसेल आणि ते लगेच विरत असेल, तर ती वाफ. कागदाचं पाकीट बंद करून कोरड्या कपाटात ठेवा.

पिन काढल्यावर अर्धा तास थांबा. फ्युजर लगेच निवत नाही, हात भाजतो. मग झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात बघा. अडकलेला कागद दोन्ही हातांनी, सावकाश, सरळ ओढा. रुळाला सुरी किंवा कात्री लावू नका. ड्रमला बोटं लावू नका, तो उजेडात फार वेळ ठेवू नका. टोनर सांडला तर कोरड्या किंवा गार पाण्याच्या फडक्याने पुसा. गरम पाण्याने तो चिकटून बसतो. कागद निघाला, वासाचं कारण कळलं, तरच पुन्हा चालू करा आणि पहिली पाच पानं जवळ उभं राहून काढा. कारण सापडलं नाही किंवा वास परत आला, तर प्रिंटर बंदच ठेवा आणि दुरुस्तीवाल्याला बोलवा. दुसऱ्यांदा करून बघू, असं नको.

धूर दिसला तर झाकण उघडू नका. पाणी तर मुळीच टाकू नका. मेन स्विच पाडा, सगळ्यांना बाहेर काढा, 101 किंवा 112 ला फोन करा.

प्रिंटरवर भरतकामाचा रुमाल घालतो आपण. घाला, पण काम संपून तो गार झाल्यावर. चालू असताना हवेच्या फटी मोकळ्या हव्यात. आणि ठरावाची वही, कर्जाच्या फायली, पासबुकं प्रिंटरला खेटून ठेवू नका. प्रिंटर नवा घेता येतो. दहा वर्षांचं दप्तर गेलं तर कुणाचं किती कर्ज फिटलं, हे कशावरून सांगणार?

शेवटची गोष्ट यंत्राची नाही, माणसांची आहे. वास बहुतेक वेळा पहिल्यांदा येतो तो झाडलोट करणाऱ्या ताईला, नाहीतर सही करायला आलेल्या सदस्य मावशीला. पण "मला काय कळतंय त्यातलं" म्हणून त्या गप्प बसतात, किंवा अध्यक्ष ताईंना विचारायला जातात. म्हणून पुढच्या बैठकीत एक साधा ठराव घ्या: ऑफिसात करपट वास आला तर जिला तो आधी आला, तिने कुणालाही न विचारता वीज बंद करायची, आणि त्यासाठी तिला कुणीही बोलायचं नाही. मेन स्विच कुठे आहे ते सगळ्या सदस्यांना त्याच दिवशी दाखवा, प्रत्येकीला एकदा हाताने पाडून बघू द्या.

बँकेत प्रस्ताव एक दिवस उशिरा गेला तर चालेल.