दोन वेण्यांची क्युटी

गणपती जवळ आले की मला एकदम मागणी येते. मखरामागचा पडदा रंगवायला काकू, सोसायटीच्या दारातली मोठी रांगोळी काढायला काकू, कार्यक्रमाच्या फलकावरची अक्षरंसुद्धा काकूंचीच. ‘काकूंचा हात फार चांगला आहे हो!’ हे दहा दिवस ऐकायचं आणि मग वर्षभर त्याच हाताने पोळ्या लाटायच्या. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा मी दिल्या होत्या. इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड मिळाली, तेव्हा आमचे ड्रॉइंगचे सर घरी येऊन वडिलांना म्हणाले होते, हिला पुढे शिकवा. पुढे काय, लग्न झालं. त्याबद्दल तक्रार नाही. पण अजूनही कुणी विचारलं, ‘तुम्ही चित्रं काढता का?’ तर मी पटकन ‘काढायचे’ म्हणून मोकळी होते.

यंदा लेक गणपतीला घरी आली होती. विसर्जन झालं, पाहुणे गेले, भांडी आवरली आणि ती लॅपटॉप घेऊन माझ्याजवळ बसली. ‘आई, हा सिनेमा तू बघच.’ नाव होतं ‘क्युटी अँड द बॉक्सर’. अमेरिकेत राहणाऱ्या एका जपानी चित्रकार नवरा-बायकोवरचा माहितीपट. बोलणं बरंचसं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. म्हटलं, मला मेलीला काय कळणार? पण कळलं. जरा जास्तच कळलं.

त्या बाईंचं नाव नोरिको शिनोहारा. जन्म 1953 चा, जपानमधल्या ताकाओका गावचा. आपल्याकडे तांबट आळी असते ना, तसं हे गाव पिढ्यान्‌पिढ्या तांब्या-पितळेच्या कामासाठी नावाजलेलं. 1972 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ही मुलगी चित्रकला शिकायला एकटी न्यूयॉर्कला गेली. तिथे ‘आर्ट स्टुडंट्स लीग’ नावाची शाळा आहे. 1875 मध्ये चित्रकारांनीच मिळून काढलेली. प्रवेश परीक्षा नाही, पदवी नाही. फी भरायची, आवडत्या गुरूच्या वर्गात जाऊन बसायचं आणि काम करायचं. खर्चाला आई-वडील घरून पैसे पाठवत होते. ऐकतानासुद्धा हेवा वाटला मला.

तिथे जाऊन सहा महिने होतात न होतात, तोच तिची गाठ पडली उशिओ शिनोहारा यांच्याशी. ते तिच्याहून एकवीस वर्षांनी मोठे. तरुणपणी टोकियोत ‘निओ-दादा’ नावाच्या बंडखोर चित्रकारांच्या गटात त्यांचं नाव गाजलेलं. 1969 मध्ये ते न्यूयॉर्कला आले. त्यांची चित्रं काढायची तऱ्हाच न्यारी. बॉक्सिंगच्या हातमोज्यांना स्पंज बांधायचा, तो रंगात बुडवायचा आणि भिंतीएवढ्या कॅनव्हासवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धडाधड ठोसे मारत जायचं. काही मिनिटांत चित्र तयार! एरवी पुठ्ठ्याचे तुकडे जोडून भल्यामोठ्या मोटरसायकली करायच्या. नाव खूप, पण विक्री बेताची. त्यात दारूचं व्यसन.

नोरिको त्यांच्या प्रेमात पडली. शिक्षण सुटलं. 1974 मध्ये मुलगा झाला. माहेरचे पैसे बंद झाले. एकवीस वर्षांची पोर, परका देश, परकी भाषा, मांडीवर बाळ आणि घरात रात्र रात्र चालणाऱ्या पित्या मित्रांच्या बैठका. त्या काळची जुनी दृश्यं सिनेमात आहेत. कुणीतरी सहज कॅमेरा चालू ठेवलेला असावा. उशिओ दारूच्या नशेत रडत-ओरडत आहेत. पुढे त्यांची दारू सुटली. पण तोवर तिची कितीतरी वर्षं निघून गेली होती. मधेमधे ती काही ना काही काढत राहिली, पण घरातला चित्रकार म्हणजे तो आणि ती त्याची मदतनीस, हे ठरूनच गेलं होतं. त्याचा स्वयंपाक, त्याचे रंग, भाड्याची जमवाजमव, मुलाचं सगळं. एका प्रसंगात नवरा अगदी सहज म्हणून जातो की, सामान्य माणसाने असामान्याला आधार द्यायचा असतो. तो हे वाईट मनानेही म्हणत नाही. त्याला ते खरंच वाटतं. तिथे माझ्या लेकीने माझ्याकडे बघितलं. मी पडद्याकडे बघत राहिले.

आता मला नवल वाटलं ते पुढच्या भागाचं. आपल्या मनात एक ‘नंतर’ असतं. मुलं मोठी झाली की नंतर. सासूबाईंचं दुखणं निवळलं की नंतर. ह्यांची रिटायरमेंट झाली की नंतर. तेव्हा घर रिकामं असेल, मन शांत असेल आणि मग आपण कागद-रंग काढून बसू. नोरिकोच्या आयुष्यात हे ‘नंतर’ आलंच नाही. ब्रुकलिनमधलं त्यांचं घर म्हणजे एक मोठा मोकळा हॉल. त्यातच स्वयंपाक, त्यातच झोपणं, त्यातच नवऱ्याचा रंगांचा पसारा. छपरातून पाणी गळतंय. घरभाडं थकलंय. नवरा ऐंशीचा झालाय, पण जोर तोच. सिनेमाच्या सुरुवातीलाच त्याच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा केक कापतात. यातलं काहीही संपायची वाट न बघता, पन्नाशी उलटल्यावर तिने स्वतःचं चित्र पुन्हा हातात घेतलं.

आणि काढलं काय? फुलं नाहीत, डोंगर नाहीत, अमुक शैली नाही की तमुक वाद नाही. तिने स्वतःचा संसारच काढला. तिच्या चित्रांतल्या मुलीचं नाव क्युटी. डोक्यावर दोन वेण्या. आज पांढऱ्या झालेल्या केसांच्या तशाच दोन वेण्या नोरिकोच्या खांद्यावर दिसतात. क्युटीच्या नवऱ्याचं नाव बुली, म्हणजे दांडगट. क्युटी गाव सोडून शहरात येते, बुलीच्या प्रेमात पडते, तिला बाळ होतं, बुली पितो, पैसे नसतात, क्युटी एकटी पडते. सगळं एकामागून एक चित्रांत येतं, एखाद्या चित्रकथेसारखं. शिवाय चित्रांत हसूही आहे. कागदावरची क्युटी बुलीला वठणीवर आणते, जे नोरिकोला प्रत्यक्षात कधी नीट जमलं नाही.

इतकी वर्षं ज्याने चित्रकला अडवून धरली, तेच तिचं चित्र झालं. मला हे कधी सुचलंच नव्हतं. मला वाटायचं, चित्र काढायचं म्हणजे या रोजच्या रगाड्यातून बाहेर पडून काढायचं. रगाडाच काढायचा, हे मुळी डोक्यात आलं नाही.

सिनेमात हे सगळं सुखाने होतं असं समजू नका. नवऱ्याला कौतुक आहे, पण जरा खुपतंही आहे. आजवरची हक्काची मदतनीस आता ‘मला माझं काम आहे’ म्हणू लागली आहे. एकदा तो आपली शिल्पं विकायला जपानला जातो आणि घर काही दिवस तिचं एकटीचं होतं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरची निवांतपणाची ती झाक... ज्या बाईचा नवरा आठ दिवस दौऱ्यावर गेलाय, तिला ती लगेच ओळखू येईल. पुढे दोघांचं मिळून प्रदर्शन भरतं. त्यात तिच्या चित्रांना स्वतःची जागा मिळते. भिंतीवर क्युटी मोठी होऊन उभी राहते. बघायला आलेले लोक आता ‘शिनोहारांची बायको’ म्हणून नाही, तर चित्रकार म्हणून तिच्यापाशी थांबतात.

मला सगळ्यांत पटलं ते हे, की तिने नवऱ्याला सोडलं नाही आणि त्याला देवही केलं नाही. क्युटी बुलीचा तिरस्कार करते का, या प्रश्नाला तिचं उत्तर ‘नाही, फार प्रेम करते’ असं आहे. पण म्हणून झाला तो त्रास तिने झाकलाही नाही. आपण बायका एक तर सगळं गिळतो, नाही तर एखाद्या दिवशी सगळं ओकतो. तिने ते मांडलं. सिनेमाच्या शेवटी दोघं रंगात बुडवलेले हातमोजे घालून एकमेकांनाच ठोसे मारतात. रंगाने माखलेली ती दोन म्हातारी माणसं बघून मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

झॅकरी हाइन्झरलिंग या तरुण दिग्दर्शकाचा हा माहितीपट. 2013 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळालं आणि 2014 च्या ऑस्करसाठी नामांकनही. साठीच्या उंबरठ्यावर नोरिकोचं नाव जगभर पोचलं. पण मला वाटतं, तिची खरी कमाई त्याआधीच झाली होती. ज्या दिवशी तिने पहिली वेणी काढली, त्या दिवशी.

लेक परत गेली. दोन दिवसांनी दुपारी, भांडीवाली येऊन गेल्यावर, मी नातवासाठी आणलेली चित्रकलेची वही काढली. रांगोळीत बोटं झरझर चालतात, पण पेन्सिल धरल्यावर हात आखडला. मग समोर जे होतं ते काढलं. ओटा, उतू गेलेल्या दुधाचा डाग पडलेला गॅस, खुंटीवरचा ह्यांचा डबा आणि टेबलापाशी पाठमोरी बसलेली एक जाडशी बाई. अंबाडा काही जमला नाही, कांद्यासारखा दिसतोय.

हे चहाला उठून आले, वहीत डोकावले आणि म्हणाले, ‘कुणाचं काम आहे? महिला मंडळाचं?’

‘नाही, माझंच आहे,’ म्हटलं. ‘चहा आज तुम्ही टाका, माझं अजून अर्धं राहिलंय.’

ते क्षणभर उभे राहिले. मग आतून आवाज आला, ‘साखर कुठे असते?’ तीस वर्षं झाली लग्नाला. वहीचं पुढचं पान मला तिथेच मिळालं.