फळ्याला बोट लावण्याआधी
वर्गातली साधने : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण प्रोजेक्टर पाहिला. भिंतीवरचे चित्र साऱ्या वर्गाला दिसते, पण ते हाताने सरकवता येत नाही की त्यावर लिहून ठेवता येत नाही. ही दोन्ही कामे करू देणारा फळा म्हणजे इंटरॅक्टिव्ह बोर्ड, शिक्षकांच्या बोलण्यातला ‘स्मार्ट बोर्ड’. कॅनडातल्या स्मार्ट टेक्नॉलॉजीज या कंपनीने तो १९९१ मध्ये बाजारात आणला.

बोट कुठे टेकले हे त्याला कसे कळते? अनेक बोर्डांत चौकटीच्या कडांना अवरक्त प्रकाशाचे बारीक दिवे आणि समोरच्या कडेला तो प्रकाश टिपणारे संवेदक असतात. फळ्यावर न दिसणाऱ्या किरणांची उभी-आडवी जाळी पसरलेली असते. बोट टेकले की तिथले किरण अडतात आणि जागा नक्की होते. बोटच हवे असे नाही. पट्टीही चालते, आणि लिहिताना सदऱ्याची बाही टेकली तर तिचीही रेघ उमटते. चौकटीत धूळ साचली की बोर्डावर नको तिथे रेघा उमटू लागतात, म्हणून डस्टर झटकायचे ते बोर्डापासून लांब.

आता भुदरगड तालुक्यातल्या गारगोटीच्या एखाद्या वर्गात समोच्च रेषांचा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, पाठ चालू आहे असे धरू. पुस्तकातल्या अनोळखी डोंगराऐवजी बाईंनी भुदरगड किल्ल्याचा नकाशा लावला आहे. गड मुलांच्या पाहण्यातला, माथ्यावर पठार आणि कडेला कातळ. पहिली पाच मिनिटे फळ्याला कुणीच हात लावत नाही. ‘रेषा कुठं दाटल्यात? तिथं कडा असंल का सपाटी?’ ज्याने त्याने उत्तर वहीत लिहायचे. मग एक मुलगी येऊन दाट रेषांवर लाल खुणा करते, दुसरा विरळ रेषांवर निळ्या. बाई खालचा नकाशा काढतात आणि त्याच जागेचे, त्याच मापाचे उपग्रहचित्र तिथे आणतात. खुणा जागच्या जागी आहेत. कोणाची कड्यावर पडली आणि कोणाची पठारावर, हे बाईंना सांगावे लागत नाही. चुकलेल्या खुणांसकट पान साठवून ठेवले, तर दुसऱ्या दिवशीचा तास तिथूनच सुरू करता येतो. खडूचा फळा तोवर पुसलेला असतो.

मात्र नकाशा आणि चित्र एका मापात आधी बसवून ठेवावे लागते. ही तयारी नसेल तर बोर्ड म्हणजे महागडा टीव्ही.

ब्रिटनने या शतकाच्या सुरुवातीला शाळाशाळांत असे फळे बसवले. लंडनच्या माध्यमिक शाळांतल्या अशा एका प्रकल्पाचे मूल्यमापन २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षात मुलांच्या गुणांवर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नव्हता. कारण समजण्यासारखे आहे. एकेकाला फळ्यापाशी बोलावत बसले की बाकीचा वर्ग नुसता वाट पाहतो. वर सांगितलेल्या तासात सगळ्यांनी आधी वहीत लिहिले, ते त्यासाठीच.

आपल्याकडे १९८७ मध्ये खडू-फळा योजना आली, तिने प्राथमिक शाळांना खोल्या, शिक्षक आणि किमान साहित्य देऊ केले. साहित्य आणि शिक्षक यांचा विचार एकत्रच हवा, हे तेव्हाही मान्य होते. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांनी उभारलेल्या मौनी विद्यापीठाच्या गारगोटीत शिक्षक घडवणारे महाविद्यालयही आहे. तेव्हा तालुक्यातल्या शाळांना बोर्ड देताना विक्रेत्याच्या तासाभराच्या प्रात्यक्षिकावर भागवू नये. दर विषयाचे दोन-तीन तयार पाठ आणि ते बसवण्याचा सराव शिक्षकांना द्यावा. बोर्डाच्या खर्चातच तेवढी तरतूद धरावी.

पुढच्या लेखांकात : वीज गेली की हाच तास कसा चालवायचा.