राहत्या वाड्याची डागडुजी

जुन्या वाड्याची आतून दुरुस्ती करायची म्हणजे एकाच वेळी दोन कामे हाती घ्यावी लागतात. लाकूड, माती आणि चुना यांची घडी पुन्हा बसवायची आणि त्या घराचे जे अनेक मालक असतात त्यांचे एकमत घडवायचे. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात हा प्रश्न ठळकपणे दिसतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९८२ साली महानगरपालिका झाली. कासारवाडी, भोसरी, चिंचवड ही गावे शहरात विरली, तरी त्यांची गावठाणे कायम राहिली. कामगारवस्ती वाढली तशा जुन्या घरांच्या पडव्या आणि माड्या भाड्याच्या खोल्या झाल्या.

या परिसरातील दोन घरांना इतिहासाने तारले. चिंचवडगावातील चापेकर बंधूंचा वाडा आणि चाकणच्या पुढे असलेल्या राजगुरुनगर येथील हुतात्मा राजगुरूंचे जन्मघर स्मारके म्हणून जपली गेली. बाकीच्या घरांचा भार त्या त्या कुटुंबावरच आहे.

रचना

वाड्याचे माप खणांत मोजतात. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, त्यावर तुळई आणि तुळईवर कडीपाट. वरच्या मजल्याचे वजन मुख्यतः या लाकडी सांगाड्यावर येते. दगड, वीट किंवा मातीच्या भेंड्यांच्या जाड भिंती सांगाड्याला आधार देतात आणि उन्हाळ्यात घर गार ठेवतात. मधल्या चौकातून उजेड आणि वारा ओसरीवर, तिथून माजघरात पोचतो. म्हणून चौकावर पत्रा टाकला की आतल्या खोल्या अंधारतात आणि ओल वाढते.

मोडकळीची कारणे

बहुतेक बिघाडाचे मूळ पाणी. फुटलेले कौल, तुंबलेली पन्हळ किंवा माडीवर मागाहून बांधलेले न्हाणीघर यांतून झिरपणारे पाणी भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकाशी साचते. तिथे लाकूड आधी कुजते, मग वाळवी लागते. दुसरे कारण सिमेंटचा गिलावा. मातीची भिंत ओल शोषते आणि सोडते. सिमेंट ती वाट बंद करते. ओल आत कोंडते, लोणा वर चढतो आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटतात.

तिसरे कारण आर्थिक. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि दुरुस्तीचा खर्च निघेनासा झाला. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने दरसाल ४ टक्के वाढीची मुभा दिली, पण मूळ रक्कमच नाममात्र असल्याने फरक थोडाच पडला.

घरातले एकमत

काम सुरू करण्याआधी मिळकत पत्रिका काढून तिच्यावरची नावे तपासावी लागतात. आजोबा-पणजोबांची नावे तशीच असतील तर आधी वारसनोंद करावी. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींनाही जन्मतः मुलांइतकाच हक्क दिला आहे. त्यामुळे बहिणी आणि आत्या यांची संमती उपचारापुरती राहत नाही. ज्याला हिस्सा नको असेल त्याचे हक्कसोडपत्र नोंदवून घ्यावे. वाटणी झालेल्या घरातही छप्पर, चौक, जिना आणि सांडपाण्याची वाट सामाईक ठेवावी. आपल्या खणापुरते कौल काढून स्लॅब टाकणारा भाऊ शेजारच्या खणाचा आधार नकळत काढून घेतो.

कामाचा क्रम

प्रथम प्रत्येक खोलीची मापे, छायाचित्रे आणि भेगांची नोंद होते. मग तुळयांना टेकू देऊन छप्पर हाती घेतात. पन्हळी, सांडपाणी आणि जोत्याभोवतीचा उतार यांच्या दुरुस्तीनंतर लाकूडकाम येते. कुजलेले टोक कापून त्याच जातीच्या मुरलेल्या लाकडाचा सांधा जोडता येतो. सबंध तुळई बदलायची गरज क्वचितच पडते. कोरीव खांबांवरचे तैलरंगाचे थर हळूहळू उतरवावेत. वाळूच्या माऱ्याने रंगाबरोबर नक्षीही झिजते.

गिलावा चुन्याचाच हवा. कळीचा चुना विझवून मुरवतात, एकास सुमारे तीन या प्रमाणात वाळू मिसळतात. गूळ आणि बेलफळाचा गर घालण्याची जुनी रीत आहे. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून चुना सावकाश घट्ट होतो, म्हणून थर पातळ असावेत आणि ते काही दिवस ओलसर ठेवावेत. भिंत वाळेपर्यंत रंगाची घाई करू नये. नंतरही चुन्याची सफेदीच योग्य.

नव्या सोयी

न्हाणीघर, शौचालय आणि स्वयंपाकघराचा ओटा शक्यतो तळमजल्यावर, मागच्या बाजूला घ्यावा. नळाचे पाइप भिंतीत न गाडता बाहेरूनच न्यावेत, म्हणजे गळती लगेच दिसते. विजेचे काम नव्याने करावे. शनिवारवाड्याचा लाकडी इमला १८२८ च्या आगीत गेला आणि विश्रामबागवाड्याचा काही भाग १८७९ मध्ये जळाला, हे लक्षात घेता तारा पाइपांतूनच न्याव्यात आणि वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच बसवावा. कोनाडे आणि फडताळे मोडून त्यांच्या जागी प्लायवूडची कपाटे करण्यात काहीच लाभ नाही. भिंतीच्या जाडीत सामावलेली ही साठवण खोलीची जागा अडवत नाही.

देखभाल

मे महिन्यात कौलांची शाकारणी, पावसाळ्यात पन्हळींची सफाई, पावसानंतर वाळवीची तपासणी आणि दिवाळीआधी सफेदी एवढे वार्षिक काम नेमाने झाले तर मोठी दुरुस्ती बरीच वर्षे लांबते. त्यासाठी सामाईक बँक खाते, प्रत्येकाचा ठरलेला वाटा आणि गावात राहणाऱ्या एकावर सोपवलेली जबाबदारी लागते. पहिला गवंडी बोलावण्याआधीच ही व्यवस्था लेखी ठरवावी.