इमारतीची नाडी

१७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे लॉस एंजलिसजवळच्या नॉर्थरिज परिसराला ६.७ तीव्रतेच्या भूकंपाने हादरवले. पोलादी सांगाड्याच्या इमारती मात्र उभ्या राहिल्या आणि त्यांना फारशी इजा झाली नाही, असा समज झाला. पुढे भिंतींची आवरणे आणि अग्निरोधक थर काढून पाहणी झाली, तेव्हा शंभराहून अधिक इमारतींत तुळया व खांब यांच्या वेल्डिंगच्या जोडांना तडे गेलेले आढळले. उभी असलेली इमारत धडधाकट असतेच असे नाही, हे त्या दिवसांनी अभियंत्यांना शिकवले.

प्रत्येक जोड उघडून पाहणे खर्चाचे आणि वेळखाऊ काम. मग आतली दुखापत बाहेरून ओळखायची कशी? त्याचे उत्तर कंपनांत आहे. वारा आणि रहदारी यांमुळे प्रत्येक इमारत सतत सूक्ष्मपणे थरथरत असते. या थरथरीचा वेग तिच्या वजनावर आणि ताठपणावर ठरतो. जोड सैल झाला की ताठपणा घटतो आणि कंपने मंदावतात. डोळ्यांना न दिसणारा हा फरक सेन्सर टिपू शकतो.

पूर्वी त्यासाठी इमारतभर तारा खेचाव्या लागत, आणि हे काम फार महाग पडे. १९९०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात अॅन किरेमिजियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिनतारी यंत्रणा मांडली. छोट्याशा डबीत सेन्सर, संगणकीय चिप, रेडिओ आणि बॅटरी. रेडिओ सर्वाधिक वीज खातो. म्हणून सगळ्या नोंदी पाठवण्याऐवजी चिप जागच्या जागी आकडेमोड करते आणि केवळ निष्कर्ष पाठवते. अशा डब्या स्वस्त पडल्या, तर त्या मजल्यामजल्यावर बसवता येतात. ते आवश्यकही आहे. कारण एखाद्या जोडाच्या तड्याने संपूर्ण इमारतीचे कंपन जेमतेम बदलते.

तरीही प्रत्येक बदल म्हणजे बिघाड नव्हे. पॅसाडिना येथील, पूर्वी मिलिकन ग्रंथालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नऊमजली इमारतीच्या कंपनांची नोंद अनेक दशके ठेवली गेली आहे. जोरदार पाऊस किंवा वारा यांनीही तिथला आकडा हलतो. त्यामुळे इमारतीचे नेहमीचे वागणे आधी ठाऊक असावे लागते. तापाचा अंदाज घ्यायचा, तर निरोगी शरीराचे तापमान माहीत हवे, तसेच हे.

मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. मात्र दोन तपासण्यांच्या मधल्या काळात इमारतीत काय घडते, हे त्यातून कळत नाही. ती उणीव सेन्सर काही अंशी भरून काढू शकतो. तो इमारत दुरुस्त करत नाही आणि अभियंत्याची जागाही घेत नाही. भूकंपानंतर रस्त्यावर थांबलेल्या रहिवाशांना घरात परतू द्यायचे की नाही, आधी कोणती इमारत आणि कोणता मजला तपासायचा, हे ठरवायला तो मदत करतो. मात्र त्यासाठी तो इमारत सुस्थितीत असतानाच बसवलेला हवा.