पडद्यावरच्या बोलीचं वर्ष

या अंकासाठी वर्षाचे आवडते सिनेमे निवडायला बसलो की मी एकच कसोटी लावतो. जुन्या वाचकांना ती आता पाठ झाली असेल. सिनेमा ज्या गावात घडतो, त्या गावचा माणूस थिएटरात डोळे मिटून बसला, तर त्याला आपलं गाव ओळखू येईल का? दिवाळी २०२४ ते दिवाळी २०२५ हे वर्ष या कसोटीवर भरभरून उतरलं. इतक्या वर्षांत असं पीक मी पाहिलं नव्हतं, म्हणून यंदा यादीपेक्षा या एकाच गोष्टीबद्दल जास्त लिहितो आहे.

हा हेका कुठून आला, ते सांगायला हवं. माझं बालपण वर्धा नदीकाठच्या गावात गेलं. उन्हाळ्यात टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. पडद्यावर पाटील असायचा, पाटलीण असायची, बैलगाडी, मोट, सगळं आमच्यासारखंच. पण ती माणसं 'का रं' आणि 'अवं धनी' बोलायची. शेजारी गोणपाटावर बसलेली आई विचारायची, "हे कोन्या गावचे हायेत रे?" आमचं 'काहून', आमचं 'मले-तुले' पडद्यावर आलंच, तर हशा पिकवणाऱ्या गड्याच्या तोंडी यायचं. कोल्हापूरच्या स्टुडिओंनी मराठी सिनेमाला खेडं दिलं, हे ऋण मी कधीच नाकारणार नाही. पण पुढे तेच एक खेडं साऱ्या महाराष्ट्राच्या माथी बसलं आणि बाकीच्या मुलखांची जीभ गप्प झाली.

त्यामुळे ७ मार्चला जयंत दिगंबर सोमलकर यांचा 'स्थळ' प्रदर्शित झाला, तो दिवस माझ्यासाठी साधा नव्हता. २०२३ साली टोरोंटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला, तेव्हापासून मी त्याची वाट पाहत होतो. पहिल्या दिवशी गेलो. प्रेक्षक कमी म्हणून खेळ रद्द झाला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या थिएटरात, भर दुपारी, शेवटी तो पाहायला मिळाला.

डोंगरगावची सविता बी. ए.ला आहे, समाजशास्त्र शिकते. तिला एमपीएससी द्यायची आहे. बाप कापूस पिकवतो, आणि कापसाचा भाव व मुलीचं लग्न या दोन चिंता त्याच्या डोक्यात एकमेकींत गुंतलेल्या आहेत. स्थळ येतं. पाहुणे बसतात, पोहे होतात, चहा होतो, सविता समोर बसते. नाव, शिक्षण, उंची, छंद. पाहुणे जातात आणि काही दिवसांनी दुसरे येतात. तीच बैठक, तेच प्रश्न. दिग्दर्शक प्रसंग बदलत नाही, घाईही करत नाही. पहिल्या वेळी आपण मुलाकडच्यांना न्याहाळतो, दुसऱ्या वेळी बापाला. तिसऱ्या वेळेपर्यंत आपण सविताच्या जागी जाऊन बसलेलो असतो. सुरुवातीला एक स्वप्न आहे. त्यात बायका खुर्च्यांवर बसून मुलाला हेच प्रश्न विचारतात. पुढचा सगळा सिनेमा त्या स्वप्नाच्या उजेडात दिसतो.

आणि ही सगळी माणसं चंद्रपूर जिल्ह्याची, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच उभी राहिलेली. नंदिनी चिकटे ही मुलगी सविता झाली आहे. तिने उत्तरं देताना खाली घातलेली मान आणि दर वेळी थोडा अधिक कोरडा होत गेलेला आवाज मी अजून विसरलो नाही. तारानाथ खिरटकरांचा बाप बोलतो तेव्हा शब्दाआधी उसासा येतो. शिकवून हे येत नाही. शहरातून नट आणून त्यांना पंधरा दिवसांत बोली घोटवली की शब्द बरोबर येतात, पण दोन शब्दांमधला थांबा येत नाही, आणि गाव त्या थांब्यातच असतं. माझ्या पुढच्या रांगेत कॉलेजच्या चार मुली होत्या. पुन्हा एक स्थळ आलं आणि पाहुण्याने प्रश्नासाठी तोंड उघडलं, तेव्हा सविताच्या आधी त्यांच्यातल्या एकीने स्वतःची उंची सांगितली. हळूच, पण मला ऐकू आली.

वर्षाचा दुसरा मानकरी रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं'. जानेवारीत सनडान्सला जागतिक कथापट विभागातला ज्युरीचा सर्वोच्च पुरस्कार त्याने मिळवला आणि १९ सप्टेंबरला तो आपल्याकडे लागला. वडील गेल्यावर आनंद मुंबईहून आईसोबत गावी येतो. दहा दिवसांचं सुतक, नातेवाइकांची वर्दळ, आणि लग्न कधी करणार हा न चुकणारा प्रश्न. तिथेच त्याला बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो. दोन पुरुषांमधलं प्रेम इतक्या साधेपणाने, संगमनेरकडच्या शेतात आणि शेळ्यांच्या मागे फिरताना, आपल्या सिनेमात कधी आलं नव्हतं. काटे काढून हाताने भरवलेलं निवडुंगाचं लाल फळ या सिनेमात जे सांगतं, ते संवादांना जमलं नसतं. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी स्थिर. त्यामुळे कान मोकळे राहतात आणि आईची भूमिका करणाऱ्या जयश्री जगताप यांचा प्रत्येक शब्द उमटतो. या आईला मुलाचं सगळं ठाऊक आहे, आणि ती ते आपल्या बोलीत, मोजक्या शब्दांत पोटात घेते.

पायल कपाडिया यांचा 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट' नोव्हेंबरमध्ये आला. कानच्या मुख्य स्पर्धेत शाजी करुण यांच्या १९९४च्या 'स्वहम'नंतर तीस वर्षांनी पोचलेला हा भारतीय सिनेमा ग्रां प्री घेऊन परतला. परिचारिकांच्या मल्याळमबद्दल जाणकारांनी लिहावं. मी छाया कदम यांच्या पार्वतीबद्दल लिहीन. इस्पितळात स्वयंपाक करणारी ही विधवा बिल्डरच्या तावडीतलं घर वाचवू शकत नाही, कारण नवऱ्यामागे हाती कागद नाही. ती रत्नागिरीकडे आपल्या गावी परतते, आणि तिथे तिचा आवाजही मोकळा होतो. गिरणगावातून कोकणात उलट गेलेल्या कितीतरी बायका मला त्या एका आवाजात ऐकू आल्या.

कोकणाचा विषय निघालाच आहे, तर 'दशावतार'. दृष्टी अधू होत चाललेला दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री दिलीप प्रभावळकरांनी वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी उभा केला. सुबोध खानोलकरांच्या या सिनेमाचा उत्तरार्ध मला थोडा भडक वाटला. पण मालवणीतलं बापलेकाचं बोलणं आणि रंग चढवताना स्थिरावणारा तो चेहरा यांच्यासाठी मी तो दोनदा पाहिला. आणि थिएटर दोन्ही वेळा भरलेलं होतं.

हे भरलेलं थिएटर मुद्दाम सांगतो. बोलीतला सिनेमा महोत्सवापुरता, चार गावांपलीकडे तो कळणार कुणाला, असं लिहिणारी मंडळी आपल्यात अजून आहेत. २००८ला 'टिंग्या'ची जुन्नरकडची बोली घेऊन मी उत्साहाने लिहिलं, तेव्हाही मला हेच ऐकवलं गेलं. 'फँड्री'च्या वेळीही तेच. मग २०१६ला 'सैराट' आला. करमाळ्याच्या मातीतली बोली घेऊन त्याने तोवर कुठल्याही मराठी सिनेमाने केली नव्हती इतकी कमाई केली. पुढे 'धडक'ने तीच गोष्ट उदयपूरला नेली. कथा तीच राहिली, पण आर्चीची जीभ मागे करमाळ्यातच राहिली, आणि तिच्याबरोबर सिनेमाचा जीवही. प्रमाणभाषेचा आग्रह धरणाऱ्यांनी हे दोन सिनेमे लागोपाठ पाहावेत, एवढीच माझी विनंती आहे.

हिंदीत दोनच नावं. रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव': यंत्रमागांच्या गावात 'शोले'ची आपली आवृत्ती काढणाऱ्या नासिर शेख आणि त्यांच्या दोस्तांची गोष्ट. त्यावरचा फैजा अहमद खान यांचा माहितीपट मला अधिक प्रिय आहे, कारण त्यात मालेगावची खरीखुरी बोली आहे. तरी हाही मनापासूनचा सिनेमा. दुसरा, हा लेख देता देता पाहिलेला नीरज घायवान यांचा 'होमबाउंड'. दोन मित्र, पोलीस भरतीचं स्वप्न, सुरतेची गिरणी आणि टाळेबंदीत गावाकडे पायी निघणं. 'मसान'नंतर दहा वर्षं थांबल्याचं सार्थक झालं.

'आता थांबायचं नाय!'मधल्या दहावीला बसणाऱ्या पालिका कामगारांनी आनंद दिला. 'जारण'मध्ये अमृता सुभाष पाहाव्यात. 'छावा'सारख्या भव्य ऐतिहासिकांवर वर्षभर पुरेसं लिहून झालं आहे, त्यात मी भर घालत नाही.

२३ डिसेंबरला श्याम बेनेगल गेले. त्यांना श्रद्धांजली वाहताना सगळ्यांनी वास्तववादाचं नाव घेतलं. मला मात्र १९७४च्या 'अंकुर'मधली दखनी आठवली. हिंदी सिनेमात तेलंगणाच्या खेड्यातली माणसं आपल्या सुरात बोलली, त्यांना कुणी हसलं नाही, आणि शबाना आझमींच्या शेवटच्या आक्रोशात तर ती बोलीच उसळून आली. फिल्म सोसायटीच्या लोखंडी खुर्चीवर ते ऐकताना मला पहिल्यांदा वाटलं होतं, हे आपल्या 'काहून'चंही होऊ शकेल. त्याला पन्नास वर्षं लागली.

पण बोली पडद्यावर पोचली, आणि ज्यांची बोली त्यांच्यापासून पडदा दूर गेला. तंबू गेले, तालुक्याची एकपडदा थिएटरं गोदामं आणि मंगल कार्यालयं झाली. मल्टिप्लेक्समध्ये अशा सिनेमाला कामाच्या वेळचा एखादा खेळ मिळतो, आणि आठवडा संपायच्या आत तोही जातो. फिल्म सोसायटीत आम्ही प्रिंटचे डबे एसटीच्या टपावरून नेत होतो. आज सिनेमा एका छोट्या ड्राइव्हवर मावतो आणि तरी गावात पोचत नाही, हे मला पटत नाही. बोलीतल्या सिनेमाला अनुदान द्या, जरूर द्या. पण त्याचा पहिला खेळ ज्या तालुक्यात तो चित्रित झाला तिथे, बाजाराच्या दिवशी, शाळेच्या पटांगणात लावा.

मार्चमध्ये 'स्थळ' पाहून आलो, त्या रात्री गावाकडे भाचीला फोन केला. तिला यंदा तीन स्थळं येऊन गेली होती. तिला सुरुवातीचं ते स्वप्न सांगितलं. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्या पोट्ट्याले उंची इचारली?" आणि खूप हसली. हसू थांबल्यावर तिने विचारलं, "तो शिनेमा आपल्या इकडे कधी येते, मामा?"

दिवाळी आली, आणि तिला सांगायला माझ्याजवळ अजून तारीख नाही.