फुटलेले ‘फायबर’ घरी जोडताना

पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ साली आणलेल्या पल्सर २२० सारख्या, पुढे कवच असलेल्या मोटारसायकली आपल्या गावोगावी दिसतात. या कवचाला आपण ‘फायबर’ म्हणतो. पण ते बहुधा एबीएस प्लॅस्टिक असते. आतल्या बाजूस तशी अक्षरे असतात, ती प्रथम पाहावीत. ‘पीपी’ असेल तर पुढील उपाय चालत नाही. ते ॲसिटोनमध्ये विरघळत नाही.

मी घरी जोडतो ती रीत अशी : तडा संपतो तेथे ३ मिलिमीटरचे भोक पाडावे. टोकाशी एकवटलेला ताण गोलाईवर विभागतो व तडा थांबतो. मग एबीएसचेच तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून दाट खळ करावी, आतून बारीक जाळीसह लावावी आणि दिवसभर वाळू द्यावी. ॲसिटोन चटकन पेटते. चुलीपासून दूर, उघड्यावर बसावे.

एक स्क्रू गळाला की त्याचा भार शेजारच्या भोकावर येतो व तेथे नवा तडा जातो. म्हणून झिजलेले रबरी वॉशर वेळीच बदलावेत.

हा केवळ दिखाव्याचा प्रश्न नाही. पुढचा दिवाही याच कवचात असतो. कवच हलले की उजेड हलतो. आणि गळीत हंगामात सोमेश्वरनगरच्या रस्त्यावर, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली वेळेवर दिसणे हाच जीव वाचण्याचा मार्ग असतो.